स्पर्शाचे जग आणि अद्भुतकथेची भाषा

दृष्टी आणि श्रुती या दोहोंवाचून जगणाऱ्या माणसांचे जग कल्पनेने उभारू पाहणाऱ्या लेखकापुढील खरी अडचण कथानकाची नसून भाषेची असते. कथात्मक वाङ्मयातील वर्णन बहुधा डोळ्यांवर आणि संवाद कानांवर विसंबून असतो. ही दोन्ही साधने गेल्यावर जे उरते त्यास केवळ अभाव मानावयाचे की निराळे जग, यावर अशा कृतीचे वाङ्मयीन मूल्य अवलंबून राहते.

एच. जी. वेल्स यांच्या 'द कंट्री ऑफ द ब्लाइंड' (१९०४) या कथेत अँडीज पर्वतातील अंधांच्या दरीत नुन्येझ हा डोळस मनुष्य येऊन पडतो. तेथे राज्य करण्याची त्याची आशा फोल ठरते. कारण त्या समाजाची व्यवस्था डोळ्यांवाचूनही परिपूर्ण आहे. परंतु निवेदन अखेरपर्यंत नुन्येझच्याच दृष्टीला बांधलेले असल्याने ते जग वाचकास बाहेरूनच कळते.

जॉन व्हार्ली यांची 'द पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन' (१९७८) ही दीर्घकथा याच्या पुढे जाते. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत आलेल्या रुबेलाच्या साथीमुळे अनेक बालके दृष्टी व श्रुती गमावून जन्मली. या वस्तुस्थितीचा आधार घेऊन व्हार्ली अशा प्रौढांची न्यू मेक्सिकोमधील एक वसाहत कल्पितात. हेलन केलर यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत बोटांनी अक्षरे उमटविण्यापासून सर्वांगाने बोलण्यापर्यंत भाषेच्या पायऱ्या आहेत. डोळस निवेदक त्या एकेक करून शिकतो, आणि जसजसा शिकतो तसतसा आपणच तेथे अपंग आहोत हे त्यास उमगते. वाटेवर निष्काळजीपणे टाकलेली वस्तू तेथे सामाजिक अपराध ठरते. अद्भुताला असा व्यवहाराचा पाया देणे, हे या कथेचे मोठे यश होय.

शेवट मात्र या यशास बाध आणतो. निवेदकास दृष्टी व श्रुती यांपासून मुक्ती मिळते ती पिंक या मुलीच्या स्पर्शाने, म्हणजे चमत्काराने. जे परिश्रमाने शिकावयाचे होते ते वरदान म्हणून लाभते, आणि अपंगत्व पुन्हा एका गूढ अर्थाचे प्रतीक होऊन बसते.

मराठीत असे लेखन करू जाणाऱ्यास दोन आधार जवळच आहेत. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात शब्दांच्या उपभोगासाठी इंद्रियांमध्येच कलह माजतो. व्यवहारातील मराठीही चाखून 'पाहते', हुंगून 'पाहते', हात लावून 'पाहते'. तिचे 'पाहणे' डोळ्यांपुरते मर्यादित नाही. हेलन केलर यांनी 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (१९०८) मध्ये स्पर्श, गंध आणि कंप यांतून घडणारे जग स्वानुभवाने मांडले आहे. त्या रीतीने कुपवाडसारख्या गावाची कल्पना करता औद्योगिक वसाहतीतील यंत्रांचा तळपायांना जाणवणारा कंप, शेजारच्या सांगलीच्या पेठेतील हळदीचा वास आणि ओळखीच्या तळहाताची राठ त्वचा यांतूनच गाव उभे राहील. असे गाव जी कादंबरी उभे करील, तिला शेवटी चमत्काराची गरज भासणार नाही.