लंडनच्या वस्त्यांतील संगीत : प्रकारभेद आणि नावाचा प्रश्न

‘हे सगळे एकसारखेच’ हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकले आहे. बहुधा ते वरून खाली पाहताना उच्चारले जाते. हलगी वाजवणाऱ्याला लग्नाचा वाज आणि मयताचा वाज यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. माडीवरून ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही ‘बडवणे’च वाटते. असे असूनही काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला इंग्लंडमधील इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे चार-पाच नमुने ऐकवले, तेव्हा मी पटकन म्हणून गेलो, ‘अरे, हा सगळा एकच गोंगाट आहे.’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, हे वाक्य तुम्ही तरी बोलू नका.’

ते उत्तर मला झोंबले आणि त्याचे म्हणणे खरेही होते. तेव्हापासून मी हे संगीत ऐकत आलो आहे. जंगल, ड्रम अँड बास, यूके गॅरेज, ग्राईम आणि डबस्टेप हे ते पाच प्रकार. त्यांच्यातील भेद कोणते, ते कुठून आले आणि त्या भेदांना नावे कुणी दिली, हे तपासणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन इंग्लंडला लागले. युद्धाने खचलेल्या देशाला त्यांचे श्रम हवे होते; शेजार मात्र नको होता. घर भाड्याने मिळेना, नाचघराच्या दारावरून परत पाठवले जाई. तेव्हा ह्या माणसांनी जमैकाची ‘साऊंड सिस्टीम’ तळघरांत आणि सभागृहांत उभी केली. साऊंड सिस्टीम म्हणजे माणसाहून उंच स्पीकरांची भिंत, तबकड्या वाजवणारा एक जण आणि माईकवर बोलणारा दुसरा. किंग्स्टनमध्ये किंग टबीसारख्या तंत्रज्ञाने मूळ गाण्यातले शब्द काढून खर्ज आणि प्रतिध्वनी पुढे आणले होते. त्याला ‘डब’ म्हणतात. हा झाला एक वारसा. दुसरा वारसा शिकागो आणि डेट्रॉइट येथील काळ्या तरुणांनी यंत्रांवर घडवलेल्या हाऊस आणि टेक्नोचा. तो १९८८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पसरला. नगरपालिकेच्या उंच इमारतींत वाढलेल्या काळ्या आणि गोऱ्या कामगारांच्या मुलांच्या घरांत हे दोन्ही वारसे एकत्र आले.

त्यातून १९९२-९३ च्या सुमारास ‘जंगल’ आकाराला आले. त्याची वीट एकच आहे असे म्हटले तरी चालेल. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ ह्या अमेरिकन गटाच्या ‘आमेन, ब्रदर’ ह्या गाण्यात ग्रेगरी कोलमन ह्या काळ्या वादकाने जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला होता. लंडनच्या मुलांनी तो तुकडा सँपलरमध्ये घेतला, त्याचा वेग वाढवला, त्याचे बारीक तुकडे केले आणि ते उलटसुलट जोडले. मिनिटाला सुमारे १६० ते १७० ठोके; पण खाली डबचा खर्ज मात्र त्याच्या निम्म्या चालीने चालतो. त्यामुळे नाचणाऱ्याला निवड असते. हाताने वेग पकडावा किंवा कमरेने संथपणा. वर जमैकन बोलीत माईकवाला बोलतो. ऐन मंदीच्या काळातल्या शहराची धास्ती आणि तिला दिलेले आव्हान दोन्ही ह्या रचनेत एकाच वेळी ऐकू येतात. कोलमनला मात्र त्या सहा सेकंदांचे मानधन कधीच मिळाले नाही. तो २००६ साली दारिद्र्यात वारला. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड विन्स्टन्सचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला दिले. शोषितांनी शोषिताचेच श्रम वापरले आणि किंमत कुणीच चुकवली नाही, ही ह्या संगीताची मूळ अडचण आहे. तिच्याकडे डोळेझाक करून त्याचे कौतुक करता येणार नाही.

आता ‘ड्रम अँड बास’. वेग जवळपास तोच, किंबहुना थोडा अधिक, सुमारे १७० ते १७५. मग फरक काय? ठोक्यांचा पसारा आवरला जातो, किक आणि स्नेअर ठरावीक जागी येतात, जमैकन आवाज मागे हटतो, ध्वनिमुद्रण स्वच्छ होते. काही जण जाझकडे वळले, काही यंत्रासारख्या कठोर नादाकडे. १९९५ साली गोल्डीचा ‘टाइमलेस’ आला आणि १९९७ साली रॉनी साइझच्या ‘रेप्रेझेंट’ ह्या गटाला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांना अचानक ह्या संगीतात ‘कला’ दिसू लागली.

येथे नावाचा प्रश्न येतो. ‘जंगल’ ह्या नावाच्या उगमाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की किंग्स्टनच्या एका गरीब वस्तीला ‘जंगल’ म्हणत आणि तिथल्या माणसांना दिलेली हाक टेपवरून लंडनला आली. दुसरी अशी की काळ्यांच्या संगीताला हिणवून ‘जंगली संगीत’ म्हणण्याची जुनी गोरी सवय इथेही चालू राहिली. दोन्ही खऱ्या असू शकतात. शिवी उचलून तिचाच झेंडा करणे आपल्या वाचकांना नवे नाही. परंतु नाव बदलताच संगीत सभ्य कसे झाले? ‘जंगल’ म्हटले की हाणामारी आणि अमली पदार्थ, ‘ड्रम अँड बास’ म्हटले की वाद्यांची नावे. पहिल्या नावात माणसे आहेत, वस्ती आहे. दुसऱ्यात फक्त वाद्ये उरतात.

तरीही हा सगळा प्रस्थापितांचा कट होता, असे मी म्हणणार नाही. तो सोपा निष्कर्ष होईल. नव्या नावाकडे वळणाऱ्यांत काळे कलावंतही होते. गोल्डी आणि रॉनी साइझ दोघेही जमैकन वंशाचे. ज्या नावामुळे सभागृह मिळत नाही ते नाव टाकावेसे वाटणे ही गद्दारी नव्हे. पण ते का टाकावे लागते, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

यूके गॅरेजची वाट वेगळी. जंगल फार कठोर झाले तेव्हा काही जण शेजारच्या खोलीत न्यूयॉर्कचे गॅरेज थोड्या चढ्या वेगाने वाजवू लागले. मिनिटाला सुमारे १३० ठोके. त्यातून ‘टू-स्टेप’ निघाला. चारपैकी दुसरा आणि चौथा किक ठोका काढून टाकायचा. पाय टेकायच्या जागी पोकळी येते आणि अंग ती भरून काढते. वर बायकांच्या गाण्याचे कापलेले, उंच केलेले सूर. नाचायला स्त्रिया मोठ्या संख्येने येऊ लागल्या. चांगले कपडे, शँपेन, खेळाचे बूट घालून आल्यास प्रवेश नाही. डाव्या मंडळींनी ह्याला चंगळवाद म्हटले. मला ते मान्य नाही. आठवडाभर दुकानात उभी राहणारी मुलगी रविवारी रेशमी कपडे घालून नाचते, त्यात प्रतिष्ठेची भूक आहे. जे कठोर ते क्रांतिकारक आणि जे मऊ ते बाजारू, ही पुरुषी मोजपट्टी आहे. ती चळवळीतल्या समीक्षेनेही टाकून द्यावी.

२००१ साली ‘सो सॉलिड क्रू’ ह्या मोठ्या गटाचे ‘ट्वेन्टीवन सेकंड्स’ विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि माईकवाला पुढे आला. गोळीबाराच्या घटना घडल्या, कार्यक्रम रद्द झाले, क्लबांची दारे बंद होऊ लागली. गॅरेजच्या ह्या मोडतोडीतून दोन भावंडे जन्मली, आणि त्यांच्यातला भेद सर्वांत बोधप्रद आहे. दोघांचा वेग एकच, मिनिटाला सुमारे १४० ठोके.

पूर्व लंडनमधील बो परिसरातले ग्राईम. स्वस्त संगणकावर, क्वचित प्लेस्टेशनच्या खेळयंत्रावरही रचलेले. तुटक, थंड, टोकदार. त्यात मोकळी जागा ठेवलेली असते ती शब्दांसाठी. आठ किंवा सोळा ओळींत पोराने आपले म्हणणे मांडायचे आणि माईक पुढच्याला द्यायचा. इमारतींच्या गच्चीवर चोरून बसवलेल्या प्रक्षेपकांवरून, ‘रिन्स एफएम’सारख्या बेकायदा केंद्रांवरून हे घरोघर पोचले. २००३ साली डिझी रास्कलच्या ‘बॉय इन दा कॉर्नर’ला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी वायलीने ह्या संगीताला काय म्हणायचे हाच विषय घेऊन एक गाणे केले. नाव ठरण्यापूर्वी संगीत घडले होते, याचा हा पुरावा.

दक्षिण लंडनमधील क्रॉयडनचे डबस्टेप. स्नेअर फक्त तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे १४० चा वेग ७० चा भासतो. इथेही मोकळी जागा आहे, पण ती खर्जासाठी. तो कानांपेक्षा छातीला अधिक कळतो. २००५ पासून ब्रिक्स्टनमध्ये भरणाऱ्या ‘डीएमझेड’च्या रात्री अंधार, स्पीकर आणि स्तब्धता असे. जुन्या साऊंड सिस्टीमचा तो थेट वारस आहे. पुढे अमेरिकेत खर्जाऐवजी मधल्या पट्टीतला कर्कश आवाज मोठा केला गेला आणि तेच डबस्टेप म्हणून जगभर विकले गेले. नाव राहिले, गाभा गेला. जंगलच्या बाबतीत नाव गेले होते. इथे उलटे झाले.

एकाच वेगात एकाने बोलण्यासाठी जागा केली, दुसऱ्याने ऐकण्यासाठी. केवळ ठोके मोजणाऱ्याला हा भेद कधीच दिसणार नाही. समीक्षक सायमन रेनॉल्ड्स ह्यांनी ह्या प्रकारांना एकाच सलग परंपरेत बसवले, ते उपयुक्त आहे. पण सलगता सांगताना प्रत्येक वळणावर कुणाला दाराबाहेर ठेवले गेले तेही सांगितले पाहिजे.

कारण दारे कुणासाठी बंद करायची हे राज्यसंस्थेला नेमके कळत होते. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने उघड्यावरच्या रात्रीच्या मेळाव्यांना आवर घालताना, ज्यात ठोक्यांची पुनरावृत्ती प्रामुख्याने असते अशा ध्वनींचाही ‘संगीता’च्या व्याख्येत समावेश केला. म्हणजे कायद्याला सगळे सारखेच होते. पण २००५ पासून लंडनच्या पोलिसांनी वापरलेल्या ‘फॉर्म ६९६’मध्ये कार्यक्रमात कोणते संगीत वाजणार हे विचारले जाई, उदाहरणादाखल बॅशमेंट, आर अँड बी आणि गॅरेज ही नावे छापलेली होती. कोणत्या वंशाचे लोक येणार, असाही प्रश्न होता. ओरड झाल्यावर हे प्रश्न काढले गेले. २०१७ साली तो फॉर्मच रद्द झाला. तोवर ग्राईमच्या कित्येक रात्री भरण्याआधीच मोडल्या होत्या. बंदी घालायची असली की ‘सगळे एकसारखेच’, आणि पाळत ठेवायची असली की बारीकसारीक भेदही ओळखता येतात.

म्हणूनच मला वाटते की प्रकारभेद ही केवळ शौकिनांची यादी नव्हे. कोणता ठोका काढला, कुठे जागा मोकळी ठेवली, कुणाचा आवाज मागे सारला, हे प्रश्न रचनेचे आहेत तसेच समाजाचेही आहेत. जो रचना ऐकत नाही त्याला समाज कळणार नाही, आणि जो फक्त समाज पाहतो त्याला कलावंताची करामत दिसणार नाही. वंचितांच्या कलेला सहानुभूती देणारे पुष्कळ भेटतात. तिचे बारकावे शिकण्याचे कष्ट घेणारे थोडे. माझ्या विद्यार्थ्याने मला ते कष्ट घ्यायला लावले. आपल्यापैकी जे शिकवतात आणि लिहितात त्यांनी ‘हे सगळे एकसारखेच’ हे वाक्य तोंडावर येताच क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.