'रामशास्त्री' बोलपट आणि 'ध चा मा'

पुण्याच्या प्रभात कंपनीने १९४४ साली काढिलेला 'रामशास्त्री' हा कृष्णधवल बोलपट आम्ही नुकताच खोडद येथे घरी तबकडीवरून पाहिला. गजानन जागीरदार यांनी शास्त्रीबोवांची भूमिका भारदस्त वठविली आहे, हे प्रथमच नमूद करितो.

तथापि एक आक्षेप घेणे प्राप्त आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. आनंदीबाईंनी पत्रातील 'धरावे' याचे 'मारावे' केले, म्हणून हा अनर्थ घडला, असे बोलपट दाखवितो. 'ध चा मा' ही कथा आमच्या गावीही आबालवृद्धांच्या तोंडी आहे. परंतु ते मूळ पत्र आजवर उजेडात आलेले नाही. शिवाय सारा दोष बाईंच्या लेखणीवर गेला, म्हणजे ज्या रघुनाथरावांस शास्त्रीबोवांनी अपराधी ठरविले, त्यांचा अपराध आपोआप हलका होतो. पुराव्यावाचून कोणासही दोषी न धरणे हा ज्यांचा धर्म, त्यांच्याच चरित्रपटात एका स्त्रीस केवळ प्रवादावरून दोषी धरावे, हा वदतोव्याघात होय. बोलपट वाचकांनी अवश्य पाहावा. त्यातील पत्रास मात्र अस्सल कागदाची योग्यता देऊ नये.