कार्यप्रणालीचा कारभार आणि मराठी परिभाषा

संगणक वापरणे ही एक विद्या आणि संगणक सांभाळणे ही दुसरी. पहिलीचा प्रसार महाराष्ट्रात पुष्कळ झाला आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने ती मालवण-कुडाळसारख्या गावांतही मराठीतून पोहोचविली. दुसरी विद्या कारभाराची. कोणाला खाते द्यावे, कोणती फाइल कोणी उघडावी, कोणती सेवा केव्हा थांबवावी, बिघाड झाल्यावर माहिती कोठून परत आणावी, हा तिचा विषय. ही विद्या मराठीत अद्याप स्थिरावलेली नाही. शब्दांचा अभाव हे त्याचे कारण सांगण्यात येते. परंतु ते कारण पुरेसे नाही.

विंडोजला मराठी भाषासंच आहे. लिनक्सवरील ग्नोम व केडीई यांची भाषांतरे झाली आहेत. सी-डॅकच्या ‘बॉस’ या डेबियनवर आधारलेल्या प्रणालीतही मराठीची सोय आहे. तथापि हे सारे कार्य मुख्यतः पडद्यावरील दर्शनी भागाचे होय. सर्व्हरला असा दर्शनी भाग बहुधा नसतोच. तेथे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावयाच्या आणि आलेला उलट संदेश वाचावयाचा. त्या आज्ञांची माहितीपुस्तके आणि ते संदेश जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीत असतात. म्हणजे जेथे अधिकार सुरू होतो, नेमक्या त्याच उंबरठ्यावर मराठी थांबते. परिणामी विद्यार्थी आज्ञा पाठ करतो. तिचे प्रयोजन त्याला सांगता येत नाही.

जे शब्द रूढ झाले, तेही तपासून पाहण्यासारखे आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यास ‘प्रशासक’ हा शब्द घेण्यात आला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ काढला, तेव्हापासून शासकीय पदांस संस्कृत नावे देण्याची जी रीत पडली, तिच्याशी हा शब्द सुसंगत आहे. परंतु मराठी माणसाच्या कानी ‘प्रशासक’ म्हणजे नगरपरिषदेची मुदत संपल्यावर सरकारने वरून नेमलेला अधिकारी. संगणकाचा कारभारी तसा नसतो. तो रोज नोंदी पाहतो, जागा मोजतो, दुरुस्त्या चढवितो. शब्दाने हुकमत सूचित केली. राखण सूचित केली नाही.

या राखणीची भाषा मराठीस नवी नाही. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. शिवकाली गडांचा कारभार कसा वाटलेला असे, हे सभासद बखरीवरून कळते. हवालदार, सरनोबत व सबनीस हे एकाच दर्जाचे अधिकारी. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व लेखन सबनिसाकडे, सामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे. एकाच्या हाती संपूर्ण गड जाऊ नये, हा त्यातील हेतू. १९७५ साली साल्ट्झर व श्रोडर यांनी संगणकाच्या संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा आणि महत्त्वाचे कुलूप एकाच किल्लीने उघडू नये, ही दोन होती.

साम्य मात्र ताणू नये. १९६९ साली जन्मलेल्या युनिक्समध्ये फाइलीचे अधिकार मालक, गट व इतर यांच्यात वाटले जातात. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १ असे अंक आहेत. महाविद्यालयातील गुणांच्या फाइलीस ६४० हे अंक दिले, तर मालक वाचू-लिहू शकतो, गट केवळ वाचतो आणि इतरांस प्रवेश नाही. परंतु या सर्वांच्या वर ‘रूट’ असतो. त्याला यांपैकी कोणताही अडसर नाही. गडावर असा एकहाती धनी नव्हता. म्हणूनच रूट म्हणून दिवसभर वावरू नये, ‘सुडो’ने आवश्यक तेवढीच आज्ञा चालवावी, हा पहिला धडा ठरतो. सुडो केलेल्या आज्ञेची नोंदही ठेवतो. ते सबनिसाचे काम होय.

दुसरा धडा जखिऱ्याचा. १७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगते की, गडावर झरा आहे, पाणी पुरते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. टाकी बांधून साठा ठेवावा, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात. सिंधुदुर्गात खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. एकीवर विसंबलेले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरील वीजपुरवठा कोलमडला. अशा प्रदेशात सर्व्हर क्रमाने बंद करणे, माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आणि ती प्रत परत उतरते की नाही, हे अधूनमधून करून पाहणे, या गोष्टी अभ्यासक्रमाच्या शेवटी नव्हे, आरंभी आल्या पाहिजेत.

यावरून जुने शब्द जसेच्या तसे उचलावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हवालदार, सबनीस, जखिरा हे शब्द स्वतःच फारसी-अरबी वळणाचे आहेत. १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोशाने अशा शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तरी व्यवहारात यांतील कित्येक टिकून राहिले. तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप हेही खुशाल राहावेत. उणीव नावांची नसून विधानांची आहे. किल्ली कोणाकडे, नोंद कोणाकडे, साठा कोठे आणि का, ही चार उत्तरे मालवणच्या विद्यार्थ्यास स्वतःच्या मराठी वाक्यांत लिहिता आली, तर आज्ञा इंग्रजीत राहिल्याने त्याचे फारसे अडणार नाही. ती लिहिता येत नसतील, तर पडद्यावरील प्रत्येक शब्द मराठी करूनही तो वापरकर्ताच राहील. कारभारी होणार नाही.