बेंबळ्याचे पाणी आणि जलनियमनाचा अधिनियम

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा सदस्यसंख्या, कर्मचारीवर्ग आणि दरनिश्चितीची पद्धती यांकडे वळते. या बाबी गौण नाहीत. परंतु मूळ प्रश्न त्यांच्याही आधीचा आहे. ज्या निर्णयासाठी ही संस्था निर्माण झाली तो निर्णयच तिच्या हातून काढून घेतला गेला असेल, तर तिच्या दालनात आणखी दोन खुर्च्या मांडून काय साधणार? यवतमाळ जिल्ह्यातील एका धरणाच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा व चापडोह हे जलाशय आटले आणि शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. बेंबळा प्रकल्पातून नळमार्गाने पाणी आणणे हाच त्यावरचा उपाय मानला गेला. बेंबळा ही वर्धेची उपनदी. बाभुळगाव तालुक्यातील तिच्यावरचे धरण मुख्यतः सिंचनासाठी बांधलेले. तहानलेल्या शहराला पाणी द्यावे की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. वाद त्यापुढचा आहे. शहराला दिलेले पाणी कालव्यावरील कोणाच्या वाट्यातून वजा झाले, ते कोणी ठरवले, आणि ज्याचे वजा झाले त्याला कोणी विचारले काय? नियामकाची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

२००५ च्या मूळ अधिनियमाने ही गरज ओळखली होती, हे निःसंशय. पिण्याचे पाणी, शेती, उद्योग अशा निरनिराळ्या वापरांत पाण्याच्या हक्कांची वाटणी करणे हे कलम ११ नुसार प्राधिकरणाचे पहिले कर्तव्य होते. (त्याच अधिनियमात दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्या शेतकऱ्याकडून दीडपट पाणीपट्टी घेण्याची तरतूद कोणी व का घुसडली, हे एक कोडेच आहे. कुटुंबनियोजन हा जलनियमनाचा विषय कसा होतो?) परंतु प्राधिकरण अस्तित्वात आल्यावरही बिगरसिंचन वापरासाठी पाणी देण्याचे निर्णय मंत्रिस्तरीय उच्चाधिकार समिती घेतच राहिली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ऊर्ध्व वर्धा धरणाचे ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी नांदगाव पेठ येथील औष्णिक वीजप्रकल्पाला देण्याचा निर्णय याच मार्गाने झाला आणि त्यावरून आंदोलन उभे राहिले. समितीच्या या अधिकारालाच आव्हान मिळू लागले, तेव्हा शासनाने समितीला नव्हे, कायद्याला बदलले. २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, पूर्वीच्या वाटपांना संरक्षण मिळाले, आणि प्राधिकरणाकडे प्रत्येक क्षेत्राच्या अंतर्गत वाटणीचे निकष ठरवणे तेवढे उरले. त्यातही अट अशी की, जेथे पाणी वापर संस्थांच्या कायद्यानुसार क्षेत्रनिश्चिती पुरी झाली आहे तेथेच हे हक्क लागू व्हावेत. ज्याच्या शेतापर्यंत संस्था पोचली नाही, त्याला हक्कही नाही आणि म्हणून तक्रारीचा आधारही नाही.

रचनेतील दुसरा दोष कमी चर्चिला जातो, पण माझ्या मते तो अधिक खोल आहे. वीज नियामक आयोगाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ही संस्था घडवली गेली. परंतु विजेच्या क्षेत्रात नियामकापुढे एक कंपनी उभी असते. पाण्याच्या क्षेत्रात त्याच्यापुढे प्रत्यक्ष शासनाचे खातेच उभे असते. अधिनियमाने नदीखोरे अभिकरण म्हणून ज्यांना मान्यता दिली ती पाटबंधारे विकास महामंडळेच होत. यवतमाळपुरते बोलायचे तर १९९७ साली स्थापन झालेले विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ. धरण बांधणारा, पाणी मोजणारा, पट्टी वसूल करणारा आणि खोऱ्याच्या वतीने हक्क देणारा एकच. प्राधिकरणाच्या अध्यक्षपदासाठी मुख्य सचिवाच्या दर्जाची अट, निवड समितीही मुख्य सचिवांच्याच अध्यक्षतेखाली. खोऱ्यातील माणसाला स्थान मिळाले ते विशेष निमंत्रिताचे.

याचा परिणाम नियोजनातही दिसला. एकात्मिक राज्य जल आराखड्याशी सुसंगत प्रकल्पांनाच मान्यता द्यावी, असे अधिनियम सांगतो. तो आराखडा ज्या राज्य जल परिषदेने मंजूर करावयाचा तिची पहिली बैठक २०१५ साली झाली. मधल्या काळात आराखड्यावाचूनच १९१ प्रकल्पांना मान्यता दिली गेली, आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

तथापि ही संस्था मुळातच निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९ सप्टेंबर २०१४ रोजी जायकवाडीच्या प्रकरणात तिने वरच्या व खालच्या धरणांतील साठ्यांच्या समन्यायी वाटपाचा आदेश दिला. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा अशा तीव्र वादात दोन्ही बाजू ऐकून, कारणे नोंदवून दिलेल्या त्या आदेशावर कितीही टीका झाली, तरी मंत्रालयातील निर्णयाला जे जमले नसते ते तेथे घडले : निर्णयाची कारणे कागदावर आली आणि ती न्यायालयात तपासता आली. २०१६ साली उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. गोदावरीच्याच विस्तीर्ण खोऱ्यात वर्धा-पैनगंगेचा हा मुलूखही येतो. पण येथे असा आदेश मागण्याइतके वजन कोणाचे नाही.

म्हणून सुधारणा करावयाची असेल तर आरंभ कलम १६-अ पासून व्हावा. क्षेत्रनिहाय वाटप करण्याचा अंतिम अधिकार मंत्रिमंडळाकडे ठेवावयाचा तर ठेवा. पण प्राधिकरणाने धरणाच्या लाभक्षेत्रात जाहीर सुनावणी घेऊन अहवाल दिल्यावाचून तो वापरता येऊ नये. नदीखोरे अभिकरण महामंडळांपासून वेगळे करणे हे खर्चिक व दीर्घ काम आहे. त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.

टंचाईच्या वेळी सुनावणीला अवकाश कोठे, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. एप्रिलमध्ये सुनावणी घेणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. परंतु धरणातील १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून रब्बी व उन्हाळी हंगामाचे नियोजन दरवर्षी होतेच आणि कालवा सल्लागार समितीही बसतेच. त्या बैठकीत शेतीच्या वाट्याला लावलेली कपात सकारण लिहून घ्यावी, लाभक्षेत्रातील ग्रामपंचायतींत ती लावावी आणि तिच्यावर तीस दिवसांत प्राधिकरणाकडे अपील करता यावे. एवढ्यासाठी बाभुळगावच्या शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागू नये. यवतमाळला वर्षातून एकदा बसणारे एकसदस्यीय पीठ त्याला पुरेसे आहे.