नव्या बँडचे अधिकृत संकेतस्थळ : नाव, गाव आणि नाममुद्रा

नवा बँड स्थापन झाला की त्याचे 'अधिकृत संकेतस्थळ' सिद्ध करणे हे आता पहिल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाइतकेच आवश्यक समजले जाते. या कामाची चर्चा बहुधा चित्रे, रंग आणि मांडणी यांच्या अंगाने होते. वस्तुतः संकेतस्थळ ही प्रथम एक भाषिक कृती आहे. आपण कोण, कुठले, काय गातो आणि आपल्या वतीने कोण बोलू शकतो, या चार प्रश्नांची उत्तरे तेथे शब्दांतूनच द्यावयाची असतात. मराठी प्रदेशात ही कृती नवी नाही. तिचे साधन तेवढे नवे आहे. म्हणून वडूजसारख्या ठिकाणी असा बँड उभा राहिला तर त्याच्या संकेतस्थळाने कोणता आदर्श पुढे ठेवावा, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

प्रथम 'बँड' या शब्दाचाच विचार करावा लागतो. खटाव-माणच्या श्रोत्याला या शब्दाने वरातीपुढचे पितळी वाद्यांचे पथक आठवते. गिटार आणि ड्रम घेऊन स्वतःची गाणी गाणारा चारपाच जणांचा संच हा अर्थ अलीकडचा व शहरी आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आज शेजारी शेजारी नांदत आहेत. तेव्हा केवळ 'बँड' असे लिहिल्याने वडूजच्या वाचकाला काहीच नेमके कळत नाही. तेथे प्रकारवाचक शब्दाची जोड आवश्यक ठरते.

ही जोड कशी द्यावी याचा उत्तम पाठ तमाशाच्या फडांनी घालून दिला आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पंच तेथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात. राहुटीवरच्या पाटीची रचना पाहिली तर तिचे व्याकरण सहज ध्यानात येते : व्यक्तिनाम, त्यापुढे 'कर' प्रत्ययाने साधलेले ग्रामनाम आणि अखेर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' हे प्रकारनाम. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावात व्यक्ती, पिता, जात आणि गाव ही सारी एकत्र आली आहेत. एक शब्दही वर्णनपर नाही, आणि तरीही सुपारी देणाऱ्याला हवे ते सर्व त्यात आहे.

सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे उदाहरण याहून बोलके आहे. लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात काळू आणि बाळू या हवालदारांच्या भूमिका केल्या, आणि पुढे काळू-बाळू कवलापूरकर हेच त्यांचे नाव झाले. पात्रनामाने व्यक्तिनाम बाजूला सारले; ग्रामनाम मात्र ढळले नाही. यावरून असे म्हणता येईल की कलापथकाच्या नावातील कल्पित भाग कितीही बदलला तरी त्याला जमिनीशी बांधणारा एक भाग स्थिर राहावा लागतो. अधिकृतता येते ती या स्थिर भागातून.

तथापि पाटीचा आदर्श निर्दोष मानण्याचे कारण नाही. पाटीवर फडमालकाचे नाव येई. ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी यांची नावे क्वचितच येत. कवीची उणीव मात्र गाणे स्वतःच भरून काढी. लावणीच्या अखेरच्या चरणात कवी आपली नाममुद्रा गुंफीत असे, आणि अभंगातही तीच रीत होती. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) यांनी धारण केलेले पठ्ठे बापूराव हे नाव गाण्याबरोबर गावोगाव फिरले. पाटी उतरवली तरी नाममुद्रा उरत होती. गाण्याच्या अंगभूत अशी ती अधिकृततेची खूणच होती.

आजच्या बँडच्या गाण्यात अशी खूण नसते. गाणे भ्रमणध्वनीवरून भ्रमणध्वनीवर जाते, त्याचा तुकडा कापला जातो, त्यावर दुसरेच चित्र चढते, आणि कर्त्याचे नाव वाटेत गळून पडते. संतांचे अभंग आधुनिक वाद्यांच्या साथीने गाणाऱ्या मुंबईच्या एका बँडने 'अभंग रिपोस्ट' असे नाव घेतले आहे. एकाचे म्हणणे दुसऱ्याने पुन्हा प्रसृत करावे ही क्रिया त्या नावात कबूल केलेली आहे, आणि ज्या रचना पुन्हा प्रसृत होतात त्यांच्यात मूळ कर्त्याची मुद्रा शाबूत आहे. जे बँड नवी गाणी रचतात त्यांना हे संरक्षण नाही. गाण्याबाहेर गेलेली नाममुद्रा जपून ठेवणे हेच म्हणून संकेतस्थळाचे मुख्य कार्य ठरते.

या कसोटीवर प्रचलित नमुना उणा पडतो. मोठे छायाचित्र, इंग्रजीतील दोन गौरवपर वाक्ये आणि गाणी इतरत्र ऐकण्याचे दुवे, एवढ्यावर पुष्कळ संकेतस्थळांची समाप्ती होते. 'अनोखा', 'ऊर्जावान', 'सीमा ओलांडणारा' ही विशेषणे कोणत्याही बँडला लागू पडतात. म्हणून ती कोणाचीच ओळख पटवीत नाहीत. प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष देणारी साधी सारणी त्यांहून अधिक सांगते.

या सारणीला कायद्याचेही अधिष्ठान आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने कर्त्याचा आपल्या कृतीवर नाव लागण्याचा हक्क स्वतंत्रपणे मानला आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांच्या प्रयोगहक्कालाही मान्यता दिली. कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील स्वामित्व त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपते. त्यामुळे पठ्ठे बापूरावांच्या अशा रचना २००५ अखेर सर्वांना मोकळ्या झाल्या. परंतु मोकळी झालेली रचना निनावी होत नाही. तिच्यापुढे 'पारंपरिक' असे लिहिणे हा निव्वळ आळस होय.

आता लिपीचा प्रश्न. रोमन लिपीत 'वडूज' लिहिताना 'व'साठी दोन पर्याय आणि दीर्घ 'ऊ'साठी दोन पर्याय संभवतात. म्हणजे एका गावाची चार लेखने झाली. शोधणारा कोणते टंकित करील हे सांगता येत नाही. देवनागरीतही 'वडूजकर' की 'वडुजकर' अशी द्विधा आहेच. पण तेथे निवड दोहोंतच आहे, आणि एक रूप ठरवून ते सर्वत्र पाळणे सोपे आहे. २०१४ पासून '.भारत' या प्रत्ययाने देवनागरीत पत्ता घेण्याची सोयही झाली आहे. रोमन पत्ता ठेवू नये असे नव्हे. मुख्य नाव मात्र देवनागरीत असावे आणि रोमन रूप त्याचे अनुगामी असावे.

गलाईच्या व्यवसायानिमित्त खटाव-खानापूरची कुटुंबे भारतभर विखुरली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने दूरच्या शहरातून येरळाकाठचे हे गाणे ऐकले, तर ते कोणाचे आणि कुठले हे त्याला संकेतस्थळावरूनच कळणार. पुसेगावच्या यात्रेत हलगी कोण वाजवतो हे विचारायला शेजारी माणूस असतो. तेथे तो नसतो.

'अधिकृत' हे विशेषण स्वतःला लावून घेता येते, ही त्याची सोय आणि हाच त्याचा दोष. नारायणगावची पाटी खरी ठरे ती तिच्यामागच्या राहुटीत बोलायला माणूस बसलेला असे म्हणून. संकेतस्थळाची अधिकृतताही तशीच सिद्ध व्हावयास हवी : नाव एकच व स्थिर, गाव स्पष्ट, प्रत्येक वादकाचा उल्लेख, आणि विचारणाऱ्याला उत्तर देणारा कोणीतरी. पाटीने ढोलकीवाल्याला जी जागा दिली नाही ती संकेतस्थळाला देता येते, आणि त्यासाठी एक ओळ पुरते. ती ओळ ज्या बँडने लिहिली नाही त्याचे संकेतस्थळ कितीही देखणे असले तरी जुन्या पाटीहून ते पुढे गेले असे म्हणता येणार नाही.