शेवट कोणाला परवडतो?

माझ्या चुलतभावाची बायको नाशिकला एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर खाती, रात्री साडेदहानंतर मोबाईलवर कादंबरी. वाचत नाहीत वहिनी, लिहितात. गेल्या दिवाळीत त्यांनी मला सिंगापूरला फोन केला. फराळाचं पार्सल मिळालं का वगैरे झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुस्तकांच्या धंद्यावरच संशोधन करता ना? मग मला एक सांगा. मालिका संपवू का नको?"

मालिकेचे तेव्हा १३८ भाग झाले होते. नायक-नायिकेचं लग्न चौथ्या भागात, घरच्यांच्या आग्रहानं. प्रेम एकसष्टाव्या भागात. त्यानंतर दोन गैरसमज, एक अपघात आणि परदेशातून परतलेली एक मैत्रीण. वहिनींच्या मते गोष्ट ऐंशीच्या आसपासच संपली होती. पण पैसे येतात ते वाचकांनी उघडलेल्या भागांवर, आणि संपलेली मालिका आठवडाभरात खाली जाते. नवी सुरू केली तर वाचक शून्यापासून जमवायचे. हे ॲप कोणतं ते इथे लिहीत नाही. आपल्याला हवा तो प्रश्न त्यांच्या प्रश्नात पुरेसा आहे.

पॉडकास्टच्या मागच्या भागात मीच मोठ्या उत्साहानं म्हणालो होतो की डिजिटलनं प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला प्रकाशकाच्या दारातून सोडवलं. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल. त्यातलं अर्धं विधान मला मागे घ्यायचं आहे.

मराठी प्रेमकथेचं खरं दुकान पुस्तकाचं दुकान कधी नव्हतंच. ते होतं कोपऱ्यावरचं वाचनालय. ना. सी. फडक्यांपासून योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकरांपर्यंतच्या कादंबऱ्या घराघरांत पोचल्या त्या महिन्याच्या वर्गणीवर किंवा दिवसाच्या भाड्यावर. प्रकाशक हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढायचा, त्यातल्या बऱ्याच वाचनालयांत जायच्या. एक प्रत दोनशे घरं फिरून आली, पानं सुटली, पुन्हा बांधली गेली, तरी लेखिकेला मिळायचं ते त्या एका प्रतीवरचं. कोणती कादंबरी खरोखर किती वाचली जाते हे फक्त वाचनालय चालवणाऱ्या काकांच्या रजिस्टरला ठाऊक. प्रकाशक त्यांनाच विचारायचा, "सध्या काय मागतायत?"

या बाजाराचा सगळ्यात ठळक माणूस चंद्रकांत काकोडकर. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला, राजेश खन्ना-मुमताजचा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना 'श्यामा' या कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यातून मोकळं केलं. ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली. कथा वाङ्मयीन दृष्ट्या फार उच्च नसेल, पण अश्लील नाही, असा न्यायालयाचा एकूण सूर होता. मला नेहमी गंमत वाटते: ज्या लेखकाला महाराष्ट्रानं एवढं वाचलं, त्याचं ओळीनओळ तपासून केलेलं वाचन शोधायला गेलं तर आधी निकालपत्र हाती लागतं. समीक्षेनं त्यांना वाचनालयातच सोडून दिलं. आज मोबाईलवरच्या लेखिकांचंही आपण तेच करतो आहोत.

आता जरा दूर जाऊ, कारण प्रकाशकानं डिजिटलशी कसं जुळवून घेतलं याचा धडा गिरवायचा तर पाटी एकच आहे, हार्लेक्विनची. मिल्स अँड बून लंडनमध्ये १९०८ला सुरू झालं. कॅनडाच्या हार्लेक्विननं ते १९७१मध्ये घेतलं. लेखिकेच्या नावापेक्षा मालिकेचं नाव विकायचं, दर महिन्याला ठरावीक पुस्तकं आणायची, ही त्यांची रीत. दादर-डेक्कनच्या इंग्रजी वाचनालयांतली ती चुरगळलेली पुस्तकं तुम्हीही पाहिली असतील. ई-पुस्तकाला हे लोक घाबरले नाहीत, उलट इतरांच्या आधी उतरले. २००९मध्ये त्यांनी लेखकांकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणारी 'हार्लेक्विन होरायझन्स' ही शाखा काढली. अमेरिकेतल्या लेखकसंघटना इतक्या भडकल्या की तिच्या नावातून 'हार्लेक्विन' काढावं लागलं. २०१०मध्ये आधी डिजिटल आणि मग जमलं तर कागद अशी 'करिना प्रेस' आली. ही झाली जुळवून घेण्याची दर्शनी बाजू.

आतली बाजू २०१२मध्ये न्यायालयात गेली. जुन्या करारांत लेखिकांना ई-पुस्तकाच्या निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा होता. पण निव्वळ उत्पन्न कोणाचं? करार होता कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या शाखेशी. लेखिकांचं म्हणणं असं, की ती शाखा हक्क आपल्याच घरातल्या दुसऱ्या शाखेला छापील किमतीच्या सहा-आठ टक्क्यांत देते, आणि लेखिकेला निम्मं मिळतं ते त्या सहा-आठ टक्क्यांचं. म्हणजे पन्नासचे तीन-चार झाले. २०१६मध्ये ४१ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान २०१४मध्ये हार्लेक्विन न्यूज कॉर्पनं विकत घेऊन हार्परकॉलिन्सखाली ठेवलं होतं. या सगळ्या भांडणात कागद की पडदा हा मुद्दा कुठेच नव्हता. भांडण होतं मोजणार कोण यावर.

मोजण्याचं काम मग ॲमेझॉननं घेतलं. जुलै २०१४मध्ये 'किंडल अनलिमिटेड' आलं: महिन्याची वर्गणी भरा, हवं तेवढं वाचा. ओळखीचं वाटतंय ना? जुलै २०१५पासून तिथे स्वयंप्रकाशित लेखकांना वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले. काकांचं रजिस्टर आता पानाचा हिशेब ठेवतं, फक्त ते काउंटरवर उघडं पडलेलं नसतं.

आणि इथे माझं सध्याचं गाव येतं. फोनवर प्रेमकथा वाचण्याच्या ॲपांच्या तळाशी कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं, ते कधी बघा. 'ड्रीम' चालवणारी स्टारी आणि 'गुडनॉव्हेल' चालवणारी न्यू रीडिंग टेक्नॉलॉजी या दोन्ही कंपन्या सिंगापूरच्या म्हणून नोंदलेल्या आहेत. संध्याकाळी एमआरटीत माझ्या शेजारी उभं राहून कोणी अब्जाधीश नवऱ्याची नाहीतर लांडगा-माणसाची गोष्ट वाचत असेल, तर ती यांतल्याच एखाद्या ॲपवर असण्याची बरीच शक्यता. साचा चिनी वेबकादंबरीचा: पहिले भाग फुकट, पुढचे नाण्यांवर, रोज नवा भाग. त्या धंद्यात रोज ठरावीक शब्द टाकणाऱ्याला हजेरीचा वेगळा भत्ता देण्याची पद्धत आहे. गिरणीतल्या पाळीसारखं. ५ मे २०२० रोजी चीनमधल्या कित्येक वेबलेखकांनी चायना लिटरेचर या मोठ्या कंपनीच्या करारांवर नाराज होऊन त्या दिवशी भागच टाकला नाही. आधी अग्रलेख, सह्यांची पत्रकं असायची. इथे संपाचं हत्यार म्हणजे 'आज पुढचा भाग नाही'.

आपल्याकडे हा साचा 'प्रतिलिपी'त दिसतो. २०१४मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं, बारा भारतीय भाषांत चालणारं ॲप. २०२१मध्ये कोरियाच्या क्राफ्टन या गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्यात साडेचार कोटी डॉलरची गुंतवणूक पुढे होऊन केली. मालिका आवडली तर सबस्क्रिप्शन घ्या, नाणी खर्च करा, नाहीतर उद्यापर्यंत थांबा. २०२२मध्ये ॲमेझॉननं वेस्टलँड हे प्रकाशनगृह बंद केलं, तेव्हा तिथली मंडळी प्रतिलिपीकडे आली आणि ते नाव पुन्हा उभं राहिलं. प्रकाशक डिजिटलशी कसं जुळवून घेतो असं आपण विचारत होतो. इथे डिजिटलनंच प्रकाशकाला घरात घेतलं.

या सगळ्याचा गोष्टीवर काय परिणाम झाला? इथे मला समीक्षक म्हणून खरा रस आहे. 'क्रमशः' ही काही नवी गोष्ट नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' १८९०मध्ये काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच हप्त्याहप्त्यानं आली. वाचनालयाच्या कादंबरीला मात्र फॉर्म मोजून लिहावं लागे. सोळा पानांचा एक फॉर्म, असे दहा-बारा झाले की पुरे, पुढे कागद महाग. त्यामुळे लग्न शेवटी यायचं. लग्न म्हणजे फॉर्म संपला. मोबाईलवर कागद संपत नाही, म्हणून लग्न उठून पहिल्या प्रकरणात येऊन बसलं.

मी महिनाभर अशा मराठी मालिका नेटानं वाचल्या. (माझ्या वरिष्ठांना हे काम कसं समजावलं ते विचारू नका.) ठरवून केलेलं लग्न, करारावरचं लग्न, मोठ्या बहिणीनं ऐनवेळी नकार दिला म्हणून धाकटीचं लग्न. आधी मला ही निव्वळ ॲपची युक्ती वाटली. पण मराठी घरात बहुतेकांचं प्रेम कांदेपोह्यांनंतरच सुरू होतं, आणि फडक्यांच्या कॉलेजातल्या नायिकेला ते ठाऊक नव्हतं. या मालिकांतला उत्तम ऐवज साधारण विसाव्या ते साठाव्या भागात सापडतो. नवरा पहिल्यांदा स्वतःचं ताट उचलतो. सासू औषधाची वेळ विसरते आणि सून काही बोलत नाही. पगाराचं खातं वेगळं ठेवायचं की एकत्र, यावर अख्खा भाग जातो. वहिनींचा तेहेतिसावा भाग एका बंद पडलेल्या गिझरवर आहे, आणि त्याच्याइतकं नेमकं नवरा-बायकोचं भांडण मी छापील मराठी प्रेमकथेत वाचलेलं नाही. तेवढ्या पानांत या गिझरला जागाच नव्हती. ती जागा ॲपनं दिली, हे मान्य करायलाच हवं. मागे न घेतलेलं अर्धं विधान ते हेच.

साठच्या पुढे मात्र बहुतेक मालिका स्वतःलाच खाऊ लागतात. स्मृतिभ्रंश होतो, जुळा भाऊ निघतो, ज्या सासूला एवढ्या कष्टानं माणूस केलं ती पुन्हा खलनायिका होते. लेखिकेला कळत नाही म्हणून नव्हे. संपादक असता तर म्हणाला असता, "बाई, इथे थांबा." आकडा तसं कधीच म्हणत नाही. प्रेमकथा वाचणारी बाई शेवट गोड होणार या हमीवर पुस्तक उचलते, सगळा प्रकार त्या हमीवर उभा आहे. जिथे गोड शेवट म्हणजे लेखिकेचं नुकसान, तिथे ही हमी देणार कोण?

आणखी एक गोष्ट वहिनींमुळेच लक्षात आली. त्यांचं ॲप मध्ये बदललं, आणि जुने भाग उतरवून घ्यायची सोय त्यांना सापडेना. स्वतःची कादंबरी, स्वतःकडेच प्रत नाही. इथे सिंगापुरात ३१ जानेवारी २०१९पासून ई-प्रकाशनाचीही प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, मग ती प्रेमकथा का असेना. आपल्याकडे १९५४चा कायदा छापील पुस्तकाच्या प्रती चार ग्रंथालयांना द्यायला सांगतो, त्यातलं एक मुंबईत आहे. काकोडकर त्यामुळे निदान शोधता तरी येतात. तेहेतिसावा भाग उद्या कोणी कुठे शोधायचा?

मी वहिनींना सांगितलं, संपवा. सांगताना थोडी लाज वाटली, कारण माझा पगार भागांवर मोजत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो भाऊजी." मग दोन महिने काही बोलणं नाही. जानेवारीत त्यांचे स्क्रीनशॉट यायला लागले, रोज रात्री दहा-बारा, पहिल्या भागापासून. मी ते इथे टाईप करतोय, दीर म्हणून. काल तेहेतिसाव्यापर्यंत आलो. मालिका सध्या १५२वर आहे.