गाठ वाढली म्हणजे किती वाढली?

कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या चेतेवर, बहुधा तिच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेवर, क्वचित एक गाठ येते. तिचे नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ही गाठ कर्करोगाची नसते. पण चेहऱ्याची चेता अगदी शेजारून जात असल्याने शस्त्रक्रियेत तोंड वाकडे होण्याची धास्ती असते. म्हणून लहान गाठीवर पुष्कळदा नुसती नजर ठेवतात, ठराविक काळाने एमआरआय काढतात. रुग्ण एकच विचारतो : माझी गाठ वाढेल का?

डेन्मार्कमधील स्टांगरुप व सहकाऱ्यांचा २००६ सालचा शोधनिबंध या बाबतीत नेहमी पुढे केला जातो. त्यात १९७५ ते २००५ या काळातील, निरीक्षणाखाली ठेवलेल्या ५५२ रुग्णांची नोंद आहे. कानाच्या हाडातील नळीतच असलेल्या गाठींपैकी १७ टक्के वाढल्या, नळीबाहेर आलेल्यांपैकी २८.९ टक्के, आणि वाढ दिसली ती निदानानंतरच्या पाच वर्षांत. इतकी चिकाटीची नोंद दुर्मीळच. ऊठसूट शस्त्रक्रिया नको, हे म्हणायला तिने आधार दिला.

पण मोजपट्टी पाहा. बाहेरची गाठ दोन मिलिमीटरहून अधिक वाढली की ‘वाढ’. आतली मात्र नळीबाहेर डोकावली तरच ‘वाढ’! आतल्या आत फुगलेली गाठ हिशेबात आलीच नाही. मग १७ आणि २८.९ शेजारी मांडून तुलना कशी करायची? दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली उंची झाली ती.

पट्टीचा घोळ वर्गात सहज दाखवता येईल. १० मिलिमीटर व्यासाचा गोल १२ मिलिमीटरचा झाला, तर घनफळ ७३ टक्क्यांनी वाढते. उलट, पुष्कळ संशोधक घनफळातील २० टक्के वाढीला ‘वाढ’ म्हणतात. त्यासाठी व्यास १०.६ मिलिमीटर झाला तरी पुरे. तीच गाठ एका ठिकाणी वाढलेली, दुसऱ्या ठिकाणी स्थिर!

पाच वर्षांच्या मर्यादेचेही तसेच. २००४ साली निदान झालेल्याची पाच वर्षे २००६ च्या निबंधात भरणार कशी? शिवाय गाठ तेवढीच राहूनही ऐकू येणे कमी होत जाते. रुग्णाला ‘वाढ नाही’ असे सांगताना हे सांगितले नाही, तर पुढे फोनवरचे बोलणे कळेनासे झाले की तो गोंधळतो, आणि त्यात चूक त्याची नसते.